कॉलेजातील व्यापारी बिरादरी : सभासद व्हावे की नाही?

पिंगळीसारख्या गावातून वाणिज्य शाखेसाठी परभणीला जाणारी मुले-मुली सकाळची गाडी किंवा एस.टी. धरतात, तास करतात आणि दुपारी गावी परततात. काही वर्षांनी हातात पदवी येते. गावाबाहेरच्या चार भरवशाच्या माणसांची ओळख मात्र येत नाही. नोकरी करणाऱ्याचे त्यावाचून एकवेळ भागेल, धंदा करणाऱ्याचे भागत नाही.

आमच्या कापडाच्या धंद्याचेच पाहा. इथे माल उधारीवर फिरतो. नवा दुकानदार सुरत, मालेगाव किंवा इचलकरंजीच्या मालासाठी पेढीवर गेला की त्याला पहिला सवाल होतो, "ओळख कोणाची?" कोणी शब्द टाकला तर माल मिळतो, नाहीतर रोख मोजावी लागते. वडिलांचे नाव परभणी-पूर्णेच्या पेठेत चालते, त्यापुढे मुलाला स्वतःची पत उभी करावी लागते. ही पत विद्यार्थिदशेतच उभी करायला सुरुवात करता येईल काय, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

अमेरिकेतील पद्धत

अमेरिकेत यासाठी विद्यार्थ्यांच्या व्यावसायिक संघटना आहेत. तिथे त्यांना 'फ्रॅटर्निटी' म्हणतात. आपल्या भाषेत त्यांना बिरादरी म्हणता येईल. फरक एवढाच की ही बिरादरी जन्माने मिळत नाही, कामाने मिळवावी लागते. न्यूयॉर्क विद्यापीठात १९०४ साली 'अल्फा काप्पा साय' आणि १९०७ साली 'डेल्टा सिग्मा पाय' या दोन संघटना वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी काढल्या. दोन्ही आजही चालू आहेत. सुरुवातीला त्यांत फक्त मुले होती. विद्यार्थिनींनी १९२४ साली 'फाय काय थीटा' ही आपली वेगळी संघटना उभारली. १९७० च्या दशकात आधीच्या दोघींनाही मुलींसाठी दार उघडावे लागले.

तिथे प्रवेशाची रीत ठरलेली असते. सत्राच्या आरंभी ओळखीच्या बैठका होतात, मुलाखत होते, मग काही आठवडे उमेदवारी. या काळात नवख्याला संघटनेचे काम करून दाखवावे लागते. त्यानंतर शपथ देऊन सभासद करून घेतात. वर्गणी भरावी लागते. शिक्षण संपले तरी सभासदत्व संपत नाही. नोकरी किंवा धंदा शोधणाऱ्या धाकट्याला जुना सभासद आपला समजून वाट दाखवतो.

आपल्याकडे काय आहे?

अशी शपथेची बिरादरी आपल्या कॉलेजांत नाही, पण तिची कामे करणारी मंडळे आहेत. मुंबईत सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघाले, तेव्हापासून आपल्याकडे वाणिज्याचे शिक्षण कॉलेजात मिळू लागले. आज बऱ्याच कॉलेजांत वाणिज्य मंडळ असते. काही ठिकाणी उद्योजकता कक्ष असतो. मुंबईच्या आय.आय.टी.तील असा कक्ष १९९८ पासून चालू आहे. रोटरीच्या छत्राखालील रोटरॅक्ट क्लब १९६८ साली सुरू झाले. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना त्यात घेतात. तीस वर्षांची वरची मर्यादा २०२० साली उठली. चार्टर्ड अकाउंटंट होऊ पाहणाऱ्यांची स्वतःची विद्यार्थी संघटना असते. परभणी जिल्ह्यातील कॉलेजे १९९४ पासून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे आहेत. तेव्हा विद्यापीठाच्या स्पर्धा व शिबिरांतून नांदेड, लातूर, हिंगोलीच्या मुलांशीही गाठ पडू शकते.

फायदा कुठे?

नाव नोंदवून ओळखपत्र खिशात ठेवल्याने फायदा होत नाही. मंडळात काम मागून घ्यावे, आणि शक्यतो खजिनदाराचे घ्यावे. वर्गणी गोळा करणे, पावती फाडणे, खर्चाचे बिल सांभाळणे आणि वर्षअखेरीस सर्वांसमोर हिशेब मांडणे, ही दुकानदारीची खरी तालीम आहे. १ जुलै २०१७ पासून कापडावर जीएसटी आला. तेव्हापासून नुसते वहीत लिहून भागत नाही, विक्रीचा हिशेब वेळेवर संगणकावर चढवावा लागतो. ही सवय लहान रकमेवर लागलेली बरी. दहा-बारा सोबत्यांनी तुमचा हिशेब चोख पाहिला असेल तर उद्या त्यांच्यातला कोणी बँकेत असेल, कोणी करसल्लागार, कोणी कारखान्यात. तुमच्यासाठी शब्द टाकताना त्यांना दोनदा विचार करावा लागणार नाही.

सावध राहावे असे

'बिझनेस ग्रुप' या गोड नावाने साखळी पद्धतीच्या योजनाही विद्यार्थ्यांना गाठतात. आधी पैसे भरा, मग आणखी सभासद आणा, त्यांच्या पैशातून तुम्हाला कमिशन, असा त्यांचा कारभार. १९७८ च्या केंद्रीय कायद्याने अशा पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी आहे, आणि चालवणाऱ्याबरोबर त्यात सभासद होणाराही गुन्ह्यात सापडतो. २०२१ च्या थेट विक्री नियमांनीही अशा पिरॅमिड योजना मना केल्या आहेत.

म्हणून सभासद होण्याआधी पाच गोष्टी विचाराव्यात :

१) मंडळाला कॉलेजची मान्यता आहे काय, आणि जबाबदार प्राध्यापक कोण?
२) वर्गणी किती, तिची पावती मिळते काय?
३) मागील वर्षाचा हिशेब पाहायला मिळेल काय?
४) गेल्या वर्षी प्रत्यक्ष कोणते काम झाले?
५) नवे सभासद आणण्यावर कमिशन आहे काय? असल्यास तिथूनच परत फिरावे.

नवख्यांची चेष्टा किंवा छळ होत असेल तर तेथे थांबू नये. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे.

पालक आणि व्यापाऱ्यांसाठी

मुलगा आठवड्यातून एक दिवस दोन तास उशिरा घरी आला तर दुकान बुडत नाही. मुलीला परतीच्या गाडीची अडचण असेल तर मंडळाची बैठक दुपारी ठेवा, असे पालकांनी प्राध्यापकांना सांगावे. सांगितल्याशिवाय कोणी वेळ बदलत नाही. व्यापारी बांधवांनीही आपले दुकान विद्यार्थ्यांना दाखवावे, खरेदी कशी होते, उधारी कशी वसूल होते, शिल्लक माल कसा काढतात हे समजावून द्यावे. त्याला पैसा लागत नाही.

जमातीची बिरादरी आपल्याला जन्माने मिळाली आहे आणि तिचा आधार मोठा आहे. पण बाजार तिच्यापेक्षा मोठा आहे. त्या बाजारात ओळख देणारी दुसरी बिरादरी कॉलेजच्या वर्षांतच जोडता येते. येत्या जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्यांनी फीच्या पावतीबरोबर वाणिज्य मंडळाचा अर्जही मागून घ्यावा.