एकच बाटली द्या!

पावसाळा लागला की वस्तीजवळच्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यापुढे रांग लागते. कडेवर तापलेले लेकरू आणि आईचा त्या दिवसाचा रोज बुडालेला. परवा आम्ही मेडिकलच्या काउंटरवर उभे होतो. एका बाईच्या चिठ्ठीवर अँटिबायोटिकच्या दोन बाटल्या होत्या. किंमत ऐकून ती म्हणाली, "दादा, एकच बाटली द्या." दुकानदाराने एकच दिली. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना हे कधी कळणार?

डोस मुलाच्या वजनावर ठरतो. एका बाटलीत कोर्स पुरा होत नव्हता, म्हणून दोन. डॉक्टरांचे गणित बरोबरच होते. त्यात फक्त भाव धरलेला नव्हता. आणि फ्रीज! अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची पावडर पाण्यात कालवली की बाटली फ्रीजमध्ये ठेवावी लागते. पत्र्याच्या खोलीत फ्रीज कुठला?

मुळात हे औषध लागत होते का? मुलांची सर्दी-पडसे बहुधा विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. विनाकारण दिलेल्या डोसांनी जंतू मात्र निबर होतात. मग खऱ्या दुखण्यात साधे औषध लागू पडत नाही, मुलाला भरती करून महागडी इंजेक्शने द्यावी लागतात. तो खर्च कोणत्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो?

न्यूमोनियात मात्र अँटिबायोटिक हवेच. तिथे काटकसर जिवावर बेतते. तो ओळखायला मशीन लागत नाही. मूल शांत असताना पुरा एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतले बाळ असेल तर ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचे असेल तर ४० किंवा जास्त भरले, की शंका घ्यायची. छाती आत ओढली जात असेल तरीही. अशा वेळी जागतिक आरोग्य संघटना साधे अमॉक्सिसिलिनच सुचवते. त्याची पाण्यात विरघळणारी गोळी मिळते. तिला फ्रीज लागत नाही.

मग भारी नाव का लिहिले जाते? गर्दीत मिनिटभर मोजायला सवड नसते, आणि भाव काही लिहिणाऱ्याच्या खिशातून जात नाही. "पॉवरफुल द्या" म्हणणारे आम्हीही आहोतच, हेही कबूल करू. औषधे शक्यतो जेनेरिक नावाने लिहावीत, असे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत होते. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते सक्तीचे केले. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि त्याच महिन्यात नियमाला स्थगिती मिळाली. आमच्या वस्तीतून एक साधे निवेदनसुद्धा गेले नाही.

त्या लेकराचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. उरलेली अर्धी बाटली शेजारणीने नातवासाठी मागून नेली.