जुना ग्राइंडर लेथवर चढवताना

लेथवर काम करणाऱ्या कारागिराला एक अडचण हमखास भेटते. जॉब मापात कातला, त्याला पाणी देऊन कडक केला, आणि पाहावे तो माप हललेले. पाणी देताना पोलाद थोडे तरी वाकते किंवा फुगतेच. आता साधे हत्यार त्यावर चालत नाही. चालवू गेलात तर हत्याराचीच धार जाते. इथे दगडच हवा. मोठ्या कारखान्यात या कामाला स्वतंत्र ग्राइंडिंग मशीन असते. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या दोन लेथच्या शेडने ते कुठून आणावे? त्यांच्यासाठी टूलपोस्ट ग्राइंडर ही सोय आहे. एक छोटी मोटर, एक पट्टा आणि टोकाला दगड बसवलेला स्पिंडल, एवढाच हा संसार. टूलपोस्ट काढायचे आणि त्या जागी हा बसवायचा.

नवा घ्यायचा तर किंमत बरीच. म्हणून पुष्कळदा जुन्या बाजारातून किंवा बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून वापरलेला नग येतो. असा नग घरी आणला की बटण दाबून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. आधी मोटरवरची पाटी वाचावी. माल अमेरिकेतला असेल तर तिच्यावर बहुधा ११५ व्होल्ट लिहिलेले सापडेल. ती मोटर आपल्या २३० व्होल्टला सरळ जोडली तर धूर निघायला वेळ लागत नाही. कार्बन ब्रशची मोटर असेल तर पुरेशा ताकदीचा ट्रान्सफॉर्मर लावला की भागते. बिनब्रशची, ६० सायकलची मोटर असेल तर मात्र ती आपल्या ५० सायकलवर एक षष्ठांशाने हळू फिरेल, आणि गरमही जास्त होईल. जुनी, तडकलेली वायर काढून टाका आणि तीनपदरी वायर घालून अर्थिंग नक्की करा. लेथ म्हणजे सगळे लोखंडच. बॉडीत करंट उतरला तर तो हाताला लागणारच.

आता दगडाविषयी. जुन्या ग्राइंडरबरोबर आलेला दगड, तो कितीही चांगला दिसो, वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो कधी पडला, किती वर्षे तेलात भिजला, कोणाला ठाऊक? १०० मिलिमीटर व्यासाचा दगड मिनिटाला ५,७०० फेरे घेतो तेव्हा त्याची कड सेकंदाला सुमारे ३० मीटर, म्हणजे ताशी शंभरावर किलोमीटर वेगाने धावत असते. तो फुटला तर तुकडे त्याच वेगाने सुटतात. नवा दगडसुद्धा तपासून घ्यावा. भोकात बोट घालून तो लटकता धरा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टिचकी द्या. भाजून केलेला चांगला दगड खणखणीत वाजतो. भेगाळलेला फुटक्या मडक्यासारखा बोलतो. दगडावर जास्तीत जास्त किती फेरे, ते छापलेले असते. मोटरचे फेरे गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास, भागिले स्पिंडलच्या पुलीचा व्यास, हा हिशेब कागदावर करा. २,८८० फेऱ्यांच्या मोटरला १०० ची पुली आणि स्पिंडलला ५० ची असेल, तर ५,७६० फेरे होतात. छापलेला आकडा याहून कमी असेल तर तो दगड चालणार नाही. दोन्ही बाजूंना कागदी चकत्या असाव्यात, वर गार्ड असावाच. पहिल्यांदा चालू केल्यावर दगडाच्या रेषेतून बाजूला उभे राहून एक मिनिट जाऊ द्या.

स्पिंडल उघडाल तेव्हा वाळून राळेसारखे झालेले ग्रीस दिसेल. ते रॉकेलने धुवा. बेअरिंग जोडीने असतील तर कोणते कोणत्या तोंडाने बसले होते, ते काढण्यापूर्वीच खूण करून ठेवा. स्पिंडलवर नवे बेअरिंग चढवताना जोर आतल्या कड्यावर द्यावा. बाहेरच्या कड्यावर ठोकले की गोळ्यांचे वण चाकोरीत उठतात आणि पुढे ते जॉबवर लाटा होऊन दिसतात. ग्रीस बेताचे भरा. जास्त भरले की बेअरिंग तापते. शेवटी स्पिंडलच्या नाकावर डायल लावून हाताने फिरवा. काटा पाच मायक्रॉनच्या पलीकडे हलू लागला, तर बेअरिंगच्या बैठकीत कचरा राहिला आहे का, ते आधी पाहा.

बसवण्याचे गणित सोपे आहे. कंपाउंडच्या पाठीपासून लेथच्या सेंटरपर्यंतची उंची मोजा. ती ४५ मिलिमीटर भरली आणि ग्राइंडरच्या तळापासून त्याच्या स्पिंडलच्या मध्यापर्यंत ३३ भरले, तर १२ मिलिमीटरची सपाट प्लेट खाली घालायची. उंची चुकली तर सरळ दांड्यावर फारसे बिघडत नाही. पण निमुळत्या जॉबची बाजू सरळ न येता किंचित बाक घेते.

पहिले काम म्हणून लेथचाच सेंटर घासावा. तो हेडस्टॉकच्या तोंडात साफ पुसून बसवा आणि कंपाउंड ३० अंशांत फिरवा, म्हणजे टोक ६० अंशांचे होईल. बेडवर ओला कागद अंथरा. दगडाची भुकटी बेडच्या घसरपट्टीत शिरली तर ती लेथच घासू लागते. फडके मात्र फिरत्या भागाजवळ नको, ते गुंडाळले जाते. मग हिऱ्याच्या ड्रेसरने दगड साफ करून घ्या. ठिणग्या खाली पडतील अशी दगडाची दिशा ठेवावी आणि लेथ उलटा फिरवावा, म्हणजे दोन्ही पृष्ठे एकमेकांविरुद्ध सरकतात. चक आट्यांचा असेल तर उलट्या फेऱ्यात तो सुटू शकतो, हे ध्यानात ठेवावे. सेंटर घासताना चक काढलेलाच असतो, म्हणून ती भीती नाही. एका वेळी एक-दोन शतांश मिलिमीटरच घ्या. शेवटच्या दोन-तीन खेपा नवा काप न देता, ठिणग्या विझेपर्यंत चालवाव्यात. निळसर डाग दिसला तर कडकपणा जळाला असे समजून काप कमी करा.

काम झाल्यावर ओला कागद भुकटीसकट गुंडाळून उचला, बेड पुसून तेल द्या. आणि सेंटर बाहेर काढण्यापूर्वी त्याच्यावर व स्पिंडलच्या तोंडावर समोरासमोर खूण करून ठेवा. पुढच्या वेळी खुणेला खूण लावूनच तो बसवायचा.