दिवेलागणीचा दीड तास

मुलांनी रोज मोबाइल आणि टीव्ही मिळून किती वेळ बघावा, हा प्रश्न आता शहरापुरता राहिलेला नाही. महाडच्या बाजारपेठेत तो जेवढा विचारला जातो तेवढाच पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरही विचारला जातो. विचारणारी बहुधा आई असते, नाहीतर आजी. “गुरुजी, किती वेळ दिला तर चालेल?” असं ती शाळेत येऊन विचारते. गुरुजीही जरा घुटमळतात, कारण त्यांच्या घरी तीच कटकट चालू असते.

आकडा हवा असेल तर तो आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून ठेवले आहे की, दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडद्यापुढे बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभराहून अधिक दाखवू नये. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स ही आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संस्था. तिने २०२१ साली जवळजवळ हेच सांगितले: दोन वर्षांपर्यंत काही नाही, दोन ते पाच वर्षांपर्यंत फार तर एक तास, तोही मोठं माणूस शेजारी असताना, पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांच्या आत. त्यापुढच्या मुलांना त्यांनी तासांचा आकडा दिलेला नाही. झोप, खेळ, अभ्यास आणि घरच्यांशी बोलणं यांना धक्का न लागता जेवढा वेळ उरेल तेवढा, असा त्याचा अर्थ. मुंबईला कामाला असलेल्या बापाशी मूल फोनवर समोरासमोर बोलतं, तो वेळ डॉक्टर यात धरत नाहीत. आपल्या कोकणात हे मुद्दाम सांगायला हवं, कारण इथे निम्मं घर पुष्कळदा त्या फोनमध्येच असतं.

हे आकडे उगीच काढलेले नाहीत. लहान मूल बोलायला शिकतं ते त्याच्याशी कुणी बोललं, त्याच्या बोबड्या बोलाला उत्तर दिलं म्हणजे. पडदा बोलतो खरा, पण उत्तराची वाट बघत नाही. आजी घास भरवताना फोन समोर धरते. घास पोटात जातो, पण “हा काऊचा, हा चिऊचा” ही बोलाचाली राहून जाते. झोपेचंही तसंच. रात्री डोळ्यांपुढे उजेड धरला की शरीराला अजून दिवसच आहे असं वाटतं आणि झोप लांबते. सकाळी तेच मूल वर्गात पेंगतं. डोळ्यांच्या बाबतीत तर एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मूल उघड्यावर, दिवसाच्या उजेडात हिंडलं तर लांबचं न दिसण्याचा दोष त्याला जडण्याची भीती कमी होते. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे घराबाहेरच्या उजेडात ठेवण्याचा उपक्रम चालवला गेला, तो याच कारणासाठी. आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो, तेव्हा १२० मिनिटे कुठली आणायची हा प्रश्न खरा. पण उरलेले आठ महिने अंगण मोकळंच असतं.

मग कळूनही वळत का नाही? आया काही अडाणी नाहीत. मला वाटतं, गोम निराळीच आहे. पूर्वी कार्यक्रमाला शेवट असे. रेडिओवर मुलांचा कार्यक्रम लागला, संपला, की बातम्या सुरू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हा ते संध्याकाळचे थोडे तासच चाले. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं, तेव्हा आळीतली माणसं एका संचापुढे दाटीवाटीने बसत. पण भाग संपला की आठवडाभर पुढचं काही नाही. थोडक्यात, ‘आता पुरे’ म्हणण्याचं काम केंद्रच करीत होतं. आता हातातल्या फोनवर एक चित्रफीत संपायच्या आत दुसरी सुरू होते. ती संपूच नये अशीच तिची रचना आहे. ‘पुरे’ म्हणण्याचं काम एकट्या आईच्या गळ्यात आलं, आणि तेही दिवसभर राबून दमलेली असताना. त्यात २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शाळाच फोनवर आली. जो फोन काढून घ्यायचा त्याच फोनवर गृहपाठ. मूल म्हणतं, “अभ्यास करतोय”. आई बिचारी काय तपासणार?

हे ओझं एका गावाने वाटून घेतलं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचं गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने तिथे ठरलं की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल, आणि साडेआठपर्यंत घरातले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. आधी गावातल्या बायकांची बैठक झाली. पुरुषमंडळींनी सुरुवातीला थट्टा केली म्हणतात. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर समजावत फिरले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात बान्सी गावच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलच बंद करण्याचा ठराव केला.

दोन्ही गावांची तळमळ एकच. मला मात्र वडगावची वाट जास्त पटते. एक तर ती दीड तासाचीच आहे, म्हणून पाळण्याजोगी आहे. दुसरं म्हणजे ती मोठ्यांनाही लागू आहे. बाप मालिका बघत बसलाय आणि मुलाला सांगतोय “पुस्तक काढ”, हे मुलाला कसं पटावं? भोंगा वाजला की बापाचाही टीव्ही बंद. आणि आई वाईट ठरत नाही. भोंगा वाईट ठरतो.

ठराव नुसता कागदावर कसा राहतो, हे महाडकरांना सांगायला नको. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव संमत करून घेतला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळेही खुले केल्याचे ठरवले. पण त्या तळ्यातलं ओंजळभर पाणी घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि बाबासाहेबांबरोबर हजारो माणसांना तिथवर चालत जावं लागलं. तो माणुसकीच्या हक्काचा लढा होता. त्याच्याशी आपल्या मोबाइलच्या तक्रारीची बरोबरी करण्याचा वेडेपणा कुणी करू नये. ठराव झाला तरी तो अमलात आणायला माणसांना पायाने चालावं लागतं, एवढंच त्यातून घ्यायचं. वडगावात तो चालला, कारण माणसं घरोघर गेली.

आपल्याकडे थोडा बदल करावा लागेल. पोलादपूरकडे एक वाडी या टेकाडावर, दुसरी त्या. एका भोंग्याचा आवाज सगळीकडे पोचणार नाही, आणि पावसात तर नाहीच. पण आपल्याला भोंग्याची गरज तरी काय? दिवेलागणीची वेळ आपल्या घरांना ठाऊक आहे. कुणाकडे शुभंकरोती आणि पाढे असत, कुणाकडे बुद्धवंदना, मोहल्ल्यात मगरिबची नमाज. वेळ तीच, तिथून पुढचा दीड तास मोकळा करायचा. वाडीतल्या शाळेची घंटा एखाद्या मोठ्या मुलाकडे सोपवली तर ती रोज न चुकता वाजेल, कारण घंटा वाजवण्याची हौस कुठल्या मुलाला नसते? फोन सगळ्यांचे एका ठिकाणी, फळीवर किंवा कपाटावर, घंटी ऐकू येईल असे ठेवावेत. घाटात दरड कोसळते, नदीला पूर येतो. फोन बंद करून ठेवणं आपल्याला परवडणारं नाही. जुलै २०२१ नंतर हे आपल्याला कुणी सांगायला नको.

शिक्षकांनी एक करावं. गृहपाठ संध्याकाळी फोनवर पाठवू नये. शाळा सुटण्यापूर्वी वहीत लिहून द्यावा. म्हणजे “अभ्यासासाठी फोन हवा” ही सबबच उरत नाही.

पहिले आठ दिवस मुलं चिडचिड करतील, आणि मोठी माणसं त्याहून अधिक. त्या वेळात सगळ्यांनी पुस्तकच धरलं पाहिजे असं नाही; भाजी निवडावी, पत्ते खेळावेत, आजीला तिच्या माहेरचं विचारावं. मुंबईच्या बाबांना मात्र आधी कळवून ठेवावं की साडेआठनंतर फोन करा. नाहीतर पहिल्याच दिवशी सव्वासातला फळीवरचा फोन वाजेल, आणि तो घ्यायला सगळं घर एकदम धावेल.