फोन जागचा का हलत नाही?

नाशिकच्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे आणि तो माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. त्यांचं घर दुमजली. खाली हॉलमध्ये एक राऊटर, वरच्या खोलीत दुसरा; दोन्हींचं नाव आणि पासवर्ड एकच. तरी वर बसूनही फोन खालच्यालाच धरून राहतो, व्हिडिओ कॉल अडखळतात. खालच्याची पॉवर पूर्ण वाढवूनही फरक पडला नाही, असं ते लिहितात.

पडणार नाहीच. उलट त्यानेच दुखणं वाढलं असणार.

मोबाइल टॉवरच्या बाबतीत चालू कॉल कुठे सोपवायचा हे नेटवर्क ठरवतं. फोन मोजमापं कळवतो, हुकूम तिकडून येतो. वायफायमध्ये मात्र जागा बदलायची की नाही हे फोनच ठरवतो. राऊटर शेजारच्या राऊटरांची यादी देईल (वायफायचं ८०२.११ के हे मानक), 'तिकडे जा' असं सुचवेल (८०२.११ व्ही), फार झालं तर जोडणी तोडेल, पण जायचं कुठे हे फोनच्याच हातात. आणि जुन्याच राऊटरला असा चिकटून राहणाऱ्या फोनला नेटवर्कवाले 'स्टिकी क्लायंट' म्हणतात.

अ‍ॅपलने आपले आकडे जाहीर केले आहेत. सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली घसरेपर्यंत आयफोन दुसरा राऊटर शोधायलाच निघत नाही. शोधलाच तर, डेटाची ये-जा चालू असताना नवा सिग्नल किमान ८ डीबीने सरस लागतो, नसताना १२ डीबीने. ३ डीबीला ताकद दुप्पट होते, तेव्हा ८ म्हणजे सहापटीहून जास्त आणि १२ म्हणजे जवळजवळ सोळापट! मला हा हट्ट रास्त वाटतो. मध्ये नुसता माणूस उभा राहिला तरी काही डीबी जातात. तेवढ्यावर फोन उठू लागला तर दिवसभर येरझाऱ्या, आणि दर खेपेला नव्या राऊटरशी सांकेतिक चाव्या ठरवण्याचा सगळा सोपस्कार.

आता नाशिकचं घर. फोन कुठला ते त्यांनी लिहिलेलं नाही, पण उंबरठा साधारण असाच धरू. समजा, पूर्ण पॉवरमुळे खालचा राऊटर वरही उणे ६५ ला ऐकू येतो. मग वरच्या खोलीतला उणे ४५ ला असला तरी फोन तिकडे पाहत नाही. शिवाय फोनची स्वतःची पॉवर सहसा राऊटरहून कमी असते. स्लॅबमधून त्याचं बोलणं खाली पोचतं ते क्षीण होऊनच. राऊटर फोनला ऐकू येतो, राऊटरला फोन धड ऐकू येत नाही. पट्ट्या भरलेल्या दिसतात आणि कॉल तुटतो.

तेव्हा खालच्याची ट्रान्समिट पॉवर कमी करा. आधी २.४ गिगाहर्ट्झची, कारण स्लॅबमधून तीच जास्त पार जाते. ५ ची मध्यम ठेवा. मग कॉल चालू ठेवून जिना चढा. वर पोचूनही फोन खालच्यालाच चिकटलेला दिसला, तर ५ ची पॉवरही एक पायरी उतरवा.