खोली एक, बटणं चार

सकाळी साडेसात. गिरगावातल्या एका चाळीचा दुसरा मजला. काम हाती घ्यायचं तर घर आधी सगळे दिवे बंद करून पाहावं लागतं, म्हणून लालबागहून मी लवकर निघतो. गॅलरीतून आलेला उजेड दारातल्या बाकड्यापाशी संपतो, ओट्यापर्यंत पोचत नाही. घरात पाच माणसं. सूनबाई म्हणतात, "दादा, रात्री ट्यूब लावली की ह्यांची झोप होत नाही. सकाळची पाळी असते. आणि बंद केली की मुलाचा अभ्यास थांबतो."

परळ-लालबागच्या खोल्यांतही मी हेच गाऱ्हाणं ऐकतो. स्वयंपाक, अभ्यास, पाहुणे, झोप सगळं एकाच जागेत, आणि त्या सगळ्याला मिळून छताजवळची एक पांढरी ट्यूब. तिथे भिंत घालता येत नाही, पण उजेडाची हद्द घालता येते. दहा बाय बाराच्या खोलीत निवांतपणा हवा असेल तर रंग आणि पडदे नंतर. आधी दिव्यांची बटणं वेगळी करा, असं मी ठामपणे सांगतो.

साडेदहा. लोहार चाळ. हातगाड्यांतून वाट काढत ओळखीच्या दुकानात शिरतो. खोक्यावरचे तीन आकडे वाचल्याशिवाय बल्ब घेत नाही. पहिला केल्विनचा: २७०० म्हणजे जुन्या तारेच्या बल्बचा पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. दुसरा ल्युमेन, उजेड किती ते यावरून कळतं, वॉट फक्त वीज किती खाणार ते सांगतात. तिसरा सीआरआय. तो ९०च्या आसपास असला की ताटातली भाजी आणि समोरच्या माणसाचा चेहरा यांचे रंग खरे दिसतात. मग दिवा लावून मोबाइलचा कॅमेरा समोर धरतो. पडद्यावर ठळक काळे पट्टे सरकले तर तो बल्ब परत. डिमर लावायचा असेल तर खोक्यावर 'डिमेबल' छापलेलं हवंच, नाहीतर दिवा लुकलुकतो.

बारा. जिन्याखाली बेस्टचे मीटर, तिथून मेन बंद. टेस्टरने खात्री करून जुनी लाकडी पट्टी उघडतो. आतली वायर हाताला लागताच सोलवटते. पावसाळ्यात ही भिंत ओल धरते. इथे शोभेचे दिवे लावण्याआधी नवी वायर, अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसलाच पाहिजे. दुपार त्यातच जाते.

आजी शेजारी बसून असतात. कोकणातल्या घरी जेवणं झाली की त्यांची आई कंदिलाची वात बारीक करायची, हे त्या मला पुन्हा सांगतात. मला ते फार मोलाचं वाटतं. कंदील खुंटीला किंवा जमिनीवर असे, त्याचा उजेड पिवळा असे आणि रात्र चढेल तसा तो कमी होई. वीज आली आणि दिवा छताला गेला. तिथून तो झोपेपर्यंत एकसारखा तळपत राहतो. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी निळसर उजेड टिपून मेंदूला अजून दिवस असल्याचं कळवतात, आणि झोप आणणारं मेलाटोनिन मागे पडतं. ६५०० केल्विनच्या ट्यूबखाली रात्री दहाला डोळा लागत नाही त्याचं हे एक कारण.

पाच. ना. म. जोशी मार्ग. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांच्या घरात जायची तयारी करणारं एक कुटुंब पीओपीच्या छतात ओळीने दिवे मागतं. मी त्यांना निम्मे कमी करायला सांगतो आणि त्या पैशात भिंतींवर खाली जादा पॉइंट काढून घ्यायला लावतो. भिंत एकदा रंगवून झाली की हे काम दुप्पट महाग पडतं.

साडेसात. पुन्हा गिरगाव. देवापुढे निरांजन लागलेलं. दिव्यांची जागा अंधार पडल्यावरच पक्की करता येते.

ट्यूब तशीच ठेवली आहे. तांदूळ निवडायला आणि केर काढायला तीच हवी. तिचं एक बटण. दुसरं फळीखालच्या पट्टीचं, ४००० केल्विन. विळीवर स्वतःची सावली पडत नाही. तिसरं अभ्यासाच्या दिव्याचं: मुलगा उजव्या हाताने लिहितो, म्हणून दिवा डावीकडे, आणि कपाटाच्या आडोशाने त्याचा उजेड वहीपुरताच. चौथं पाच वॉटच्या पिवळ्या दिव्याचं. तो कमरेच्या उंचीवर, तोंड भिंतीकडे. मी चटईवर आडवा पडून पाहतो. बल्ब डोळ्यांना दिसता कामा नये. ऑइलपेंटच्या भिंतीत त्याचं प्रतिबिंब चमकतं, म्हणून तो वीतभर सरकवतो. आजींसाठी मोरीच्या वाटेवर जमिनीलगत एक बारीक दिवा. रात्री उठल्यावर उंबरा दिसला पाहिजे.

ट्यूब बंद करून चौथं बटण दाबतो. मुलगा वहीतून मान वर करत नाही. त्याचे वडील भिंतीकडे न वळता उताणे पडतात. "हे असंच राहू दे," आजी म्हणतात.

शेजारच्या ताई दारात उभ्या. "आमच्याकडे नुसता बल्ब बदलून चालेल का हो?" चालेल, पण तो छताला नको. त्यांच्या कपाटामागे एक प्लग वापराविना पडून आहे, तिथून सुरुवात करू. टेप काढून मी माप घेतो.