चोपण जमिनीचें रसायन

नववी-दहावीच्या शास्त्राच्या पुस्तकांत एक पाठ खडकांचा असतो आणि दुसरा आम्ल, अल्क व क्षार यांचा. परीक्षेपुरते ते दोन्ही घोकून मुलगा मोकळा होतो. त्याच वेळीं घरची पाटाखालची जमीन एका कोपऱ्याकडून बिघडत आलेली असते, आणि वडील मंडळी ‘खार फुटला’ एवढें म्हणून त्या कोपऱ्यांत ऊस लावण्याचें सोडून देतात. वस्तुतः शेतांतील त्या कोपऱ्याचा उलगडा मुलाच्या त्या दोन पाठांतच आहे. तो ध्यानांत न घेतल्यामुळें कित्येकदां असें घडतें कीं, बागाईतदार पदरचा पैसा खर्चून जमीन धुतो आणि ती पूर्वीपेक्षां अधिक बिघडवून घेतो. असें कां व्हावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम खडक. दक्षिणेंतील आपला काळा फत्तर, ज्यास भूगर्भशास्त्रज्ञ बसाल्ट म्हणतात, तो सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनींतून वर आलेल्या लाव्हारसाचे थरावर थर थिजून झाला. आज सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्यानें व्यापलेला आहे. या दगडांत लोह, कॅल्शियम व मॅग्नेशियम हीं भरपूर असतात व सोडियमहि थोडेंबहुत असतें. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कार्बन-डाय-ऑक्साइड वायु शोषून किंचित् आंबट होतें, आणि तें सौम्य आम्ल दगड कुजविण्याचें काम लाखों वर्षें करीत राहतें. दगडाचा मुरूम होतो व मुरुमाची माती होते.

परंतु एकाच दगडापासून सर्वत्र एकच माती होत नाहीं. महाबळेश्वरीं वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथें दगडांतून सुटलेले कॅल्शियम, सोडियम व सिलिका हे घटक पाण्याबरोबर वाहून गेले आणि मागें लोह व ॲल्युमिनियम यांनीं भरलेला तांबडा जांभा उरला. तेथून पूर्वेस बारामतीकडे यावें, तर पाऊस वीस इंचांच्या आसपास. तेथें दगड कुजला, पण सुटलेले घटक वाहून नेण्याइतकें पाणी मिळालें नाहीं. ते तेथेंच राहिले. त्यांतूनच काळी भारी माती झाली, तिच्या पोटांत चुनखडीचे खडे जमले आणि खोलवर थोडा खारहि साठून राहिला. म्हणजे काळ्या जमिनीची सुपीकता आणि तिच्या बिघाडाचें बीज हीं दोन्ही एकाच कारणानें, पाऊस कमी पडल्यानें, तिच्या ठायीं आलीं आहेत.

आतां या काळ्या मातीचा कण कसा असतो तें पाहूं. तिच्यांत मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट जातीचें खनिज असतें. फ्रान्समधील माँमोरियाँ या गांवावरून त्यास हें नांव पडलें. त्याचे कण मिलिमीटरच्या पांचशेंव्या भागाहूनहि बारीक व अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे चपटे असतात. पापुद्र्यांच्यामध्यें पाणी शिरलें कीं माती फुगते व निघून गेलें कीं आकसते. उन्हाळ्यांत पडणाऱ्या भेगांचें कारण हेंच. या प्रत्येक पापुद्र्यावर विजेचा ऋण भार असतो, आणि त्यामुळें धन भार असलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम वगैरेंचे कण त्यावर चिकटून राहतात. हे कण कायमचे जडलेले नसतात. दुसरा पुरेशा संख्येनें आला तर पहिल्यास उठवून त्याची जागा घेतो.

हा अदलाबदलीचा शोध प्रयोगशाळेंत बसलेल्या पंडितापेक्षां आधीं एका जमीनदाराला लागला, हें शेतकऱ्यांच्या मासिकांत आवर्जून सांगण्याजोगें आहे. इंग्लंडांत यॉर्कशायरमध्यें हॅरी टॉम्सन नांवाचे एक जमीनदार होते. खत पावसानें वाहून जातें कीं काय, या शंकेनें त्यांनीं मातींत अमोनियम सल्फेट मिसळून तींतून पाणी गाळून पाहिलें. खालीं आलेल्या पाण्यांत अमोनिया न सांपडतां जिप्सम सांपडलें! मातीनें अमोनिया ठेवून घेतला होता व त्याच्या बदल्यांत आपल्याजवळील कॅल्शियम सोडून दिलें होतें. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ जॉन टॉमस वे यांनीं पुढें हा विषय तपशिलानें तपासला, आणि दोघांचेहि निबंध इ. स. १८५० मध्यें प्रसिद्ध झाले.

चोपण जमिनीचें सारें मर्म या अदलाबदलींत आहे. निरोगी काळ्या मातीच्या कणांवर बहुतेक जागा कॅल्शियम व मॅग्नेशियम यांनीं धरलेली असते. कॅल्शियमचा भार दुहेरी असल्यामुळें तें पापुद्र्यांस एकमेकांशीं बांधून ठेवतें. कण एकत्र येऊन रवाळ ढेकळें होतात, त्यांच्या फटींतून पाणी व हवा खेळते, आणि पावसानंतर वेळेवर वाफसा येतो. सोडियमचा भार एकेरी, व भोंवतीं पाण्याचा मोठा वेढा. त्यास पापुद्रे जवळ धरतां येत नाहींत. त्यानें कॅल्शियमची जागा घेतली कीं कण सुटे होऊन पाण्यांत गढूळ तरंगतात व खालीं बसतांना सर्व छिद्रें बुजवितात. मग पाऊस पडला तर पाणी वरच साचतें, आणि वाळली तर माती अशी कठीण होते कीं नांगराचा फाळ वर उडतो. पिकाला अन्न आहे, पाणी आहे, परंतु मुळांना श्वास नाहीं.

हें सोडियम येतें कोठून? थोडें मूळच्या मातींत खोल असतें. बाकीचें आपण पाण्यावाटे आणतों. एका एकरावर एक इंच पाणी दिलें म्हणजे सुमारें १ लक्ष लिटर पाणी दिलें. तें पाणी चांगलें असून त्याच्या लिटरमागें अवघे २०० मिलिग्रॅम क्षार आहेत असें धरलें, तरी इंचामागें २० किलो क्षार शेतांत पडले. उसाला पाटानें वर्षांत ९० इंच पाणी दिलें तर हा हिशेब एकरीं १८ क्विंटलवर जातो. विहिरीच्या मचूळ पाण्यांत क्षार याच्या तिप्पट-चौपटहि असूं शकतात. ऊस पाणी पितो, पण क्षार बहुतेक मागें ठेवतो. जास्तीचें पाणी खालीं निघून जात असेल तर क्षारहि त्याबरोबर जातात. तें जात नसेल तर भूजलाची पातळी वर्षानुवर्षें चढत जाते, आणि ती पांच-सहा फुटांच्या आंत आली कीं दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें क्षारयुक्त पाणी मातींतून वर चढतें. पाणी उडून जातें व खार पृष्ठभागीं उरतो.

ही गोष्ट नवी नाहीं. नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींची पाहणी करून पुणें शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मॅन व ताम्हणे यांनीं इ. स. १९१० मध्येंच त्यावर पुस्तिका लिहिली. पुढें कृष्णाकांठीं सांगली, मिरज व शिरोळ या भागांतहि, उपसा पाणी व ऊस वाढल्यावर, हीच कथा घडली. शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत असलेला रोग अजून नव्या शेतांत शिरतो, याचा दोष एकट्या पाटाच्या माथीं मारतां येणार नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. लोक ज्याला सरसकट खार म्हणतात ते वस्तुतः दोन निराळे रोग आहेत. एकांत विद्राव्य क्षार फार साठलेले असतात. पृष्ठभाग पांढरा दिसतो, परंतु माती अद्याप मोकळी असते. ही खारवट जमीन होय. दुसऱ्यांत सोडियम कणांवरच जाऊन बसलेलें असतें. वर पांढरें पुष्कळदां दिसतहि नाहीं, उलट अल्कांत विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यानें पृष्ठभाग काळसर व तेलकट दिसतो. ही चोपण जमीन होय. पुष्कळ ठिकाणीं दोन्ही रोग एकत्र असतात, आणि धोका तेथेंच आहे. विद्राव्य क्षार भरपूर असेपर्यंत ते चिकणमातीच्या कणांस एकत्र दाबून धरतात व सोडियमचा दोष झांकला जातो. मालकानें नुसत्या गोड पाण्यानें जमीन धुतली कीं वरचे क्षार निघून जातात, कणांवरील सोडियम मात्र तेथेंच राहतें, आणि कालपर्यंत पाणी पिणारी माती एका हंगामांत सिमेंटासारखी बंद होते.

दोहोंतील भेद ओळखण्याचा ढोबळ उपाय शाळेंतील मुलालाहि करतां येईल. दोन कांचेच्या पेल्यांत पावसाचें स्वच्छ पाणी घेऊन प्रत्येकांत चमचाभर माती ढवळावी. विहिरीचें पाणी घेऊं नये. त्यांतील क्षारांनीं प्रयोग फसतो. एका पेल्यांत चिमूटभर जिप्समची पूड टाकावी व दोन्ही रात्रभर ठेवावे. सकाळीं जिप्समचा पेला निवळलेला व दुसरा अजून गढूळ दिसला, तर माती चोपण असण्याचा दाट संभव आहे. दुसरी खूण हळदीची. हळदीस चुन्यासारखा अल्क लागला म्हणजे ती लाल होते. कुंकू याच रीतीनें करीत. कालविलेल्या मातीचें वरचें पाणी हळद लावलेल्या कागदावर टाकून तांबूस छटा आली, तर मातींत सोड्याचा अंश आहे असें समजावें. आम्लता व अल्कता मोजण्याचें माप म्हणजे सामू; शुद्ध पाण्याचा तो ७, आणि चोपण जमिनीचा बहुधा ८.५ च्या वर. अर्थात् पेला व हळद यांवरून खर्चाचा निर्णय करूं नये. त्यासाठीं प्रयोगशाळेकडून सामू, विद्राव्य क्षार आणि कणांवरील सोडियमचें शेंकडा प्रमाण अशीं तिन्ही मापें घ्यावींत. हें तिसरें माप १५ च्या वर गेलें म्हणजे जमीन चोपण धरण्याचा प्रघात आहे. भारी काळ्या मातीला त्याआधींच त्रास सुरू होतो.

येथें एक शंका हटकून निघते. ‘आमच्या मातींत चुनखडीचे खडेच खडे आहेत, चुनखडी म्हणजे कॅल्शियमच ना? मग वरून आणखी कॅल्शियम कशाला?’ शंका रास्त आहे. चुनखडीत कॅल्शियम आहे खरें, पण तें कुलूपबंद आहे. अल्कयुक्त पाण्यांत ती जवळजवळ विरघळतच नाहीं, आणि न विरघळलेलें कॅल्शियम सोडियमला जागेवरून उठवूं शकत नाहीं. यास्तव अशा जमिनीला चुना घालणें हें पैसे पुरण्यासारखें आहे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. तें लिटरभर पाण्यांत सुमारें अडीच ग्रॅम विरघळतें. त्याचें कॅल्शियम कणावर बसतें, सुटलेलें सोडियम सल्फेटाशीं मिळून विद्राव्य होतें व पाण्यावाटे निघून जाण्यास तयार होतें.

चुनखडीचें कुलूप उघडण्याची किल्लीहि आहे, आणि ती म्हणजे आम्ल. चुनखडी असलेल्या जमिनींत गंधक मिसळल्यास मातींतील सूक्ष्म जंतु त्याचें गंधकाम्ल करतात, व तें चुनखडीवर लागून जिप्सम तेथल्या तेथें तयार होतें. १०० किलो जिप्समचें काम सुमारें १९ किलो गंधक करतें. मात्र त्याला ओल, ऊब व अवधि हीं लागतात. धैंचा गाडण्याचा गुणहि याच जातीचा आहे. त्याच्या मुळांतून व कुजण्यांतून निघणारा कार्बन-डाय-ऑक्साइड चुनखडी थोडीथोडी विरघळवितो.

जिप्सम किती लागेल हें मापावरून ठरतें. १ ग्रॅम सोडियम उठविण्यास जिप्सम ३.७ ग्रॅम लागतें. एक एकराचा सहा इंच मातीचा थर सुमारें ९ लक्ष किलो भरतो. त्यांतून किलोमागें दीड ग्रॅम सोडियम काढावयाचें असल्यास एकरीं ५० क्विंटल जिप्सम होतें. आंकडा ऐकून छाती दडपेल, पण ओंजळभर टाकून गुण येत नाहीं हें आधींच कळलेलें बरें. शिवाय तें विरघळण्यास पाणी हवें: एकरावरील एक इंच पाऊस फार तर अडीच क्विंटल विरघळवील, म्हणजे ५० क्विंटलांस वीस इंच पाऊस पुरा मातींत मुरला पाहिजे. बारामतीकडे वर्षाचा पाऊसच तेवढा. म्हणून एका वर्षांत जमीन सुधारून देण्याचें वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. पावसाआधीं बारीक पूड पसरून वरच्या थरांत मिसळावी, शेताला बांध घालून पावसाचें पाणी आंत मुरवावें, आणि पुढील मात्रा पुन्हां माती तपासून द्यावी.

हें सर्व निचऱ्यावांचून व्यर्थ आहे. सुटलेलें सोडियम जाण्यास वाट नसेल तर तें उन्हाळ्यांत पुन्हां वर येऊन बसेल. यासाठीं आधीं चर किंवा जमिनींत पुरलेल्या छिद्रयुक्त नळ्या, आणि मग जिप्सम, हा क्रम उलटूं नये. अडचण अशी कीं, चराचें पाणी ओढ्यापर्यंत न्यावयाचें तर तें खालच्या तीन-चार शेतांतून जातें आणि एकट्या मालकाचें तेथें कांहीं चालत नाहीं. हें काम गटानेंच व्हावयाचें. ज्या शिवारांत पाणी सहा फुटांच्या आंत आलें आहे, तेथील खातेदारांनीं वैशाखांतच एकत्र बसून चराची वाट व ओढ्याचें तोंड ठरवावें, आणि त्याच वेळीं प्रत्येक शेतांतून पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या फुटाचे नमुने निरनिराळ्या पिशव्यांत भरून तपासणीस धाडावेत. तीन फुटांची माती एकत्र कालवून पाठविल्यास रोग कोणत्या थरांत आहे हें कळत नाहीं.