घरांतला गोंगाट आणि हेडफोन

मुकुंदराजांच्या समाधीपाशीं जी शांतता लाभते, ती अंबाजोगाईच्या वस्तींत उन्हाळ्यांत दुर्मिळच. घरोघरीं कूलर घरघरूं लागतात आणि प्रवेशपरीक्षेचा विद्यार्थी ‘नॉइज कॅन्सलिंग’ हेडफोन कानांवर चढवितो. हें यंत्र करतें तरी काय?

ध्वनि म्हणजे हवेच्या दाबाची भरती-ओहोटी. हेडफोनमधील चिमुकला मायक्रोफोन बाहेरची लहर टिपतो व यंत्र तिच्या नेमकी उलट लहर निर्माण करतें. एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडला, कीं दोन्ही मावळतात. या कल्पनेचें अमेरिकन पेटंट पॉल ल्यूग या जर्मन संशोधकास १९३६ सालीं मिळालें. पुढें १९७८ मध्यें विमानप्रवासांत अमर बोस यांनीं अशा हेडफोनचें गणित मांडलें.

मात्र कूलरची घरघर एकसुरी व खालच्या पट्टींतली, म्हणूनच ती सहज शमते. कुकरची शिटी किंवा शेजारचें बोलणें क्षणोक्षणीं बदलतें. तेथें यंत्र अपुरें पडतें. मग गाण्याचा आवाज वाढविण्याचा मोह होतो, आणि अपाय तेथेंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकूं नये. घरघर शमली असतां आवाज उलट कमी करावा. यंत्राचा खरा लाभ तोच.

आणखी एक पथ्य. आंतल्या खोलींत आजारी आजी असेल, तर तिची क्षीण हांक कूलरच्या घरघरीसह हरपते. घरीं दुसरें कोणी नसतां एक कान मोकळाच ठेवावा.